मध्ये बोलू नये

"टॉवेल काढू नका आधी," बाई कुजबुजल्या. "अगोदर सांगा, आपण आत्ता बोलतोय ते खाली ऐकू जातंय का?"

मिस्त्रींचा हात भिंतीपाशीच थांबला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या इंटरकॉमवर जाड टॉवेल टाकला होता आणि त्याला कपड्यांचे चार चिमटे लावले होते. बिघडलेली यंत्रं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. तोंड बांधलेलं यंत्र मात्र आजच पाहत होते.

"बंद आहे बाई ते."

"बंद आहे म्हणे! मग माझ्या लेकीचं खाली कसं कळलं?" बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. आवाज कितीही खाली आणला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचाच. "ती सासर सोडून येणार, कायमची. हे मी आणि यांनी इथे, या ओट्यापाशी बोललो. तिसऱ्याला ठाऊक नाही. आणि दुसऱ्या दिवशी वॉचमन मला विचारतो, ताईंचं सामान फार आहे का, वर चढवायला कुणाला सांगून ठेवू का? माझे हातपाय गार पडले हो."

मिस्त्रींनी मान हलवली. या इमारतीचे चार मजले, मजल्यावर सहा घरं. चोवीसही घरांत आणि गेटवर नवे इंटरकॉम त्यांनीच सहा महिन्यांपूर्वी बसवले होते. आज सकाळपासून ते घरोघर फिरत होते आणि प्रत्येक दारात हेच. कुणी यंत्रावर पुठ्ठा चिकटवलेला, कुणी नवराबायकोची भांडणं न्हाणीघरात नेलेली. आणि सगळ्यांचं बोट एकाच माणसाकडे, गेटवरच्या वॉचमन मामांकडे.

"मामांना मी अकरा वर्षं ओळखते," बाई म्हणाल्या. "म्हणून तर जास्त भीती वाटते."

*

जिन्याखाली लोखंडी कपाट होतं. इमारतीतल्या सगळ्या वायरी त्यात येऊन मिळत. त्यासमोर मिस्त्री मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले आणि शेजारी खुर्ची टाकून सोसायटीचे सेक्रेटरी बसले. हातात वही.

"तुमच्यावर संशय नाही हो," सेक्रेटरी म्हणाले. "पण एकेक मशीन माझ्यासमोर उघडायचं. घाऊक काम नको."

"बघा की. मी काय पडदा लावलाय?"

"नक्की करणार काय, तेही सांगा. कमिटीला सांगावं लागतं."

मिस्त्रींनी एक वायर बोटावर घेतली. "यातून सगळंच जातं. इंटरकॉमचं बोलणं, ऑफिसचा कॉम्प्युटर, गेटचा कॅमेरा. एका पोत्यात सगळ्यांची टपालं भरावीत तसं. आता मी बोलण्याच्या प्रत्येक पाकिटावर नंबर डकवणार. इंटरकॉमचा नंबर वीस. हा स्विच, वायरी वाटणारा डबा, तो नंबर वाचणार आणि वीसचं पाकीट फक्त वीसवाल्याच्या हातात देणार. दुसरा कुणी वायरीला डोकं लावून बसला तर त्याला काही मिळायचं नाही. व्हीलॅन म्हणतात याला."

"म्हणजे मामाचा उद्योग बंद."

"मामाच असेल तर."

"दुसरा कोण असणार? ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड त्याच्याकडे. दिवसभर मोबाईल हातात." सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. "सहाला कमिटी बसतेय. आज निकाल लावून टाकू. मागची खोली रिकामी करायला आठ दिवस देऊ, अगदीच निर्दय नाही आम्ही."

गेटमागच्या त्या एका खोलीत मामा आणि त्यांची बायको राहत होते. मिस्त्रींनी वायर पुन्हा जागेवर खोचली. त्यांनाही मामांचाच संशय होता. त्यांनी वीस घरांत विचारलं होतं आणि वीस घरांत तेच ऐकलं होतं. वीस माणसं काय उगाच बोलतात?

*

काम सुरू करण्याआधी ते गेटवर गेले. चोरून जोडलेलं एखादं यंत्र सापडलं तर गोष्टच मिटली. पॅनेल उघडून पाहिलं, सगळं जागच्या जागी. मग मामांच्या केबिनमध्ये शिरले. टेबलाखाली वाकले, पंख्यामागे हात घातला, खुर्चीवरची उशी उचलली.

"वायर उशीखाली असते का मिस्त्री?" मामा दारात उभे होते.

"बघत होतो नुसतं."

"बघा, बघा. डब्यात चार पोळ्या आहेत, त्याही मोजून घ्या." मामा हसले नाहीत. "सरळ विचारा की."

मिस्त्रींनी उशी जागेवर ठेवली. "बाईंच्या लेकीचं तुम्हाला कसं कळलं?"

"पार्सल आलं होतं. मी त्यांच्या घराचं बटण दाबलं. त्या आणि सर बोलत होते. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये, म्हणून थांबलो. बोलणं संपल्यावर सांगितलं, पार्सल आलंय. चुकलं माझं?"

"मामा, वर बेल वाजल्याशिवाय आणि कुणी बटण दाबून उचलल्याशिवाय इथे आवाज येत नाही. मी बसवलंय ते. मला सांगताय?"

"म्हणजे मी खोटं बोलतो."

मिस्त्री गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं, हे दोघांनाही कळलं. मामांनी उशी उचलली, झटकली आणि पुन्हा ठेवली.

*

मिस्त्रींचा एक नेम होता, लांबून सुरुवात करायची. चौथा मजला आधी, गेट शेवटी. नंबर आधी यंत्रात घालायचा, मग स्विचवर. उलट केलं की यंत्र हाताबाहेर जातं आणि शिडी घेऊन वर धावावं लागतं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालू नये, हे ते वायरीतच शिकले होते. लॅपटॉप हाती आला तो पन्नाशीनंतर. एका बोटानं टाइप करत.

चौथा मजला झाला. तिसरा निम्मा झाला. सेक्रेटरी वहीत खुणा करून कंटाळले आणि चहा घ्यायला घरी गेले. मिस्त्रींनी लॅपटॉपवर बाईंच्या घराचं पान उघडलं. नंबराचा रकाना पानाच्या तळाशी होता. खाली सरकताना त्यांची नजर मधल्या एका ओळीवर गेली. ऑटो-आन्सर, चालू. बेलचा आवाज, शून्य.

हे इथे कसं?

ही खूण फक्त चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या यंत्रात असायला हवी होती. आजोबा अंथरुणाला खिळलेले, बेलनं दचकायचे. त्यांच्या मुलानं सांगितलं होतं, बेल नको, बटण नको, गेटवरून बोललं की थेट ऐकू येऊ दे. मिस्त्रींनी तसं केलं होतं. सगळ्यांत आधी, कारण सुरुवात चौथ्या मजल्यावरून. गेटचं बटण दाबलं की ते यंत्र आपोआप उचललं जाई आणि खोलीतलंही खाली ऐकू येई.

त्यांनी शेजारचं घर उघडलं. चालू, शून्य. त्याच्या शेजारचं. चालू, शून्य. दुसरा मजला, पहिला मजला. सगळीकडे तेच.

मग त्यांना आठवलं. आजोबांचं यंत्र मनासारखं झाल्यावर तीच मांडणी त्यांनी बाकीच्या तेवीसमध्ये जशीच्या तशी ओतली होती. एका बोटानं तेवीस वेळा कोण लिहिणार? फक्त घरनंबर बदलले होते. आणि दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी फोन केला होता, "अहो, बेल न वाजताच बोलतोय हा." तेव्हा ते दुसऱ्या कामावर शिडीवर होते. म्हणाले होते, "नवं मशीन आहे बाई, सवय होईल."

सकाळपासून ते गेट धुंडाळत होते, उशा उचलत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कपाटातला हिरवा दिवा लुकलुकत होता. एकेक पान उघडायचं, खूण काढायची, बेलचा आवाज वाढवायचा, वीस नंबर घालायचा. एवढं केलं की घराघरांतलं ऐकू येणं बंद. आणि सगळे म्हणणार, बघा, मिस्त्रींनी नंबर घातले तसं बंद झालं, म्हणजे मामाच ऐकत होता. खरं तर त्या नंबरानं यात काहीच फरक पडला नसता. गेट आणि घरं दोन्ही वीसमध्येच राहणार होती. पण हे त्यांच्याशिवाय कळणार कुणाला?

त्यांनी घरी फोन लावला.

"जेवायला येताय ना?" बायको म्हणाली.

"एक चूक सापडलीय. माझीच. जुनी."

"कुणी धरली?"

"कुणी नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

"ठेवतो," ते म्हणाले. खालच्या दोन मजल्यांना त्यांचा अजून हात लागला नव्हता. त्यांनी लॅपटॉप मिटला.

*

"म्हणजे चूक तुमची?" सेक्रेटरींनी तिसऱ्यांदा विचारलं. तिघं गेटच्या पॅनेलपाशी उभे होते.

"माझी."

"तुम्ही त्याला वाचवताय. आतून ओळख असणार तुमची."

"ओळख? तासाभरापूर्वी माझी उशी झाडत होते हे," मामा म्हणाले.

"तुम्ही बोलू नका! सिद्ध करा मिस्त्री."

"करतो. पहिला आणि दुसरा मजला अजून जुन्यासारखाच आहे. कुणाचं घर दाबू?"

"माझंच दाबा. माझ्या घरात लपवण्यासारखं काही नाही."

मिस्त्रींनी बटण दाबलं. बेल वाजली नाही. वर कुणी काही उचललं नाही. जाळीतून आधी नळाचं पाणी ऐकू आलं, मग भांडं ठेवल्याचा आवाज. आणि मग गाणं.

सेक्रेटरींच्या बायकोचा आवाज. हलका, थोडा चिरका, शब्द विसरला की नुसती चाल धरणारा. एक कडवं झालं. पाणी बंद झालं आणि ती पुन्हा पहिल्यापासून गायला लागली, कुणी ऐकत नसतं तेव्हा माणूस गातं तशी.

सेक्रेटरी पॅनेलकडे बघत राहिले.

"ही... गाते?"

मामांनी खाली बघितलं. "रोज याच वेळी. मी गाणं संपेपर्यंत थांबतो, मग पार्सलचं सांगतो."

सेक्रेटरींनी झटकन हात पुढे करून कॉल तोडला. त्यांचा चेहरा लाल झाला. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते त्यांना ठरवता येईना. मामांवर काढावा तर मामा फक्त थांबले होते.

"खोली राहू दे तुमच्याकडे," ते मामांकडे न बघता म्हणाले. "कमिटीत मी सांगतो. मिस्त्री, आजचं काम पुरं करा. यापुढे दुसरा माणूस बघू आम्ही."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

जाताना सेक्रेटरी दोन पायऱ्या चढून थांबले. "आणि हिला यातलं काही सांगू नका. कुणीच."

*

मिस्त्रींनी चौथ्या मजल्यापासून पुन्हा सगळी घरं एकेक करून हातानं लिहिली. खूण काढली, बेलचा आवाज वाढवला, वीस घातला, पुन्हा वाचून पाहिलं. एक बोट, तेवीस घरं. आजोबांचं यंत्र तेवढं तसंच ठेवलं आणि त्यांच्या मुलाला वर जाऊन समजावून सांगितलं. शेवटी गेट. सगळं झालं तेव्हा उन्हं उतरली होती.

"मामा, आता दाबून बघा," ते म्हणाले. "वर बेल वाजेल. उचलल्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. मी जबाबदार."

एक मुलगी बाईंसाठी पाकीट देऊन गेली होती. मामांनी ते टेबलावरून घेतलं, पॅनेलसमोर आले आणि उभे राहिले. बोट वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"नको. मी देऊन येतो."

"तीन मजले चढणार? रोज?"

"पाय आहेत."

"मामा, सकाळी मी..." मिस्त्रींनी सुरुवात केली.

"अंधार पडायच्या आत निघा तुम्ही. लांब जायचंय तुम्हाला," मामा म्हणाले, आणि जिन्याकडे वळले.

मिस्त्री हत्यारं पिशवीत भरत राहिले. वरून चपलांचा आवाज येत होता. पहिल्या मजल्यावर मामा मोठ्यानं खाकरले. दुसऱ्यावर पुन्हा, त्याहून मोठ्यानं. आतल्या माणसांना कळावं, जिन्यात कुणीतरी आहे, बोलणं आवरतं घ्या. तिसऱ्यावर ते खाकरले आणि थांबले. दार वाजवल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.