वास : वैशिष्ट्यपूर्ण

श्रावणात योगिनी आठ दिवस तापानं पडून होती. उठली तेव्हा तिला कसलाच वास येत नव्हता. फोडणीचा नाही, रॉकेलचा नाही, आईच्या केसांतल्या तेलाचाही नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने वाट पाहा, रोज लिंबू आणि लवंग हुंगा. पंधरा दिवस तिनं हुंगलं. मग लवंगा डबीतच राहिल्या.

एरवी ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नव्हती. पण योगिनीची नोकरी वास घेण्याची होती.

शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये निवृत्तीभाऊंचा चूर्णाचा छोटा कारखाना होता. 'ताण कमी, तरतरी जास्त' असं छापलेल्या डब्यांत तिथं अश्वगंधेचं चूर्ण भरलं जायचं. इकडच्या शेतात तिला ढोरगुंज म्हणतात. तिच्या मुळाला घोड्याच्या अंगासारखा वास येतो, तो आला की मूळ खरं. दोन वर्षांपूर्वी निवृत्तीभाऊंनी मुलाखतीला आलेल्या चौघांपुढे सहा वाट्या ठेवल्या होत्या आणि डोळे मिटायला लावले होते. वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या योगिनीनं सहाच्या सहा ओळखल्या. "डिग्री तं सगळ्याईपाशी हाये," ते म्हणाले होते, "हे नाक कोनापाशी हाये?"

ते नाक गेल्याचं तिनं त्यांना सांगितलं नाही. उद्या सांगू, असं पहिल्या दिवशी वाटलं होतं. नंतर तेही वाटेनासं झालं. तपासणीच्या रजिस्टरमध्ये पाच रकाने होते: रंग, वास, चव, ओलावा, राख. रंग ती डोळ्यांनी पाहायची, ओलावा आणि राख यंत्रावर मोजायची, दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत. वासाच्या रकान्यात आधीच्या पानावरून 'वैशिष्ट्यपूर्ण' उतरवायची. जिभेला कडू-गोड कळायचं, पण चाखायचीही इच्छा राहिली नव्हती. चवसुद्धा मग आधीच्या पानावरूनच येऊ लागली. खालची सही मात्र रोज तिची, वळणदार.

असे पाच महिने गेले. दरम्यान मैत्रिणीचं लग्न झालं, तिथं ती जेवली. चुलते वारले, तिथं ती बसली. दोन्हीकडून परत येताना तिला काही वाटलं नाही आणि काही वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी दिवेलागणीला ती देऊळघाटच्या घरी स्वयंपाकघरात बसली होती. तिची आई मंजुळाबाई कारखान्यातून मिळालेलं चूर्ण रोज गरम दुधातून घ्यायची. घेण्याची तऱ्हा ठरलेली: डाव्या हातानं पदर नाकावर घट्ट दाबायचा, डोळे मिटायचे, गटागट प्यायचं आणि वर "अग आई आई" करत गुळाचा खडा तोंडात टाकायचा.

त्या दिवशी मंजुळाबाईंनी पेला उचलला आणि चहा प्यावा तसं सावकाश दूध प्यायलं. पदर खांद्यावरच होता.

"आई, नाक काऊन नाही दाबलं?"

"आता कायले दाबू? पहिले कसा भपकारा ये. आता वासच नाही याले."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या इकडं. म्या म्हनलं, पोरीनं काही युक्ती केली असन. शिकल्याचा फायदा." मंजुळाबाई हसल्या. "पन गुडघे म्हनशील तं जसेच्या तसेच हायेत, व."

योगिनीनं डबा उचलून तळाचा लॉट नंबर वाचला. दिवाळीनंतर स्थानिक मूळ संपलं होतं आणि माल बाहेरच्या एका नव्या व्यापाऱ्याकडून येत होता. तिनं डब्यात नाक घातलं. काही नाही. पण तिला तर काहीच नसायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन चंबू घेतले. एकात दिवाळीआधीच्या लॉटचा राखून ठेवलेला नमुना, दुसऱ्यात नवा. प्रत्येकी पाच ग्रॅम, वर अल्कोहोल, बूच, दिवसभर मधूनमधून हलवणं, मग रात्रभर तसंच. बुधवारी तिनं दोन्ही गाळून बशांमध्ये आटवलं. पहिल्या बशीत बोटाला चिकटणारा तपकिरी थर उरला. दुसऱ्या बशीत नुसता डाग. वजन केलं तर पहिल्याचा पाचवा हिस्साही नव्हता. कोणीतरी या मुळांतलं सत्त्व आधीच काढून घेतलं होतं आणि चोथा वाळवून पुन्हा विकला होता. असा चोथा रंगावरून सहसा पकडला जात नाही. ओलावा, राखही मर्यादेत भरते. पकडला जातो तो वासात आणि चवीत.

मूळ निवडणाऱ्या गोजरबाई अंगणात सुपं घेऊन बसल्या होत्या. तीस वर्षं त्या मूळ मोडून, हुंगून बाजूला टाकत आल्या होत्या.

"मावशी, दिवाळीपासूनच्या मालाला वास होता?"

गोजरबाईंनी सूप खाली ठेवलं. "नव्हता."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"मी पहिल्याच पोत्याले म्हनलं, हे मेलेलं हाये. तं डबे भरनाऱ्या पोरी म्हने, मॅडमनं सही केली. मंग म्या म्हनलं, आपलंच नाक म्हातारं झालं. एवढ्या शिकलेल्या बाईनं पास केलं, तं बराबरच असन." त्या योगिनीकडे पाहत राहिल्या. "माया नातवानं तेल नाकात सोडाले सांगतलं. रोज सोडून राह्यली मी."

योगिनी दोन्ही बशा घेऊन निवृत्तीभाऊंच्या टेबलापाशी गेली. शुक्रवारी गाडी जायची होती, ते पावत्या लावत होते. तिनं बशा ठेवल्या आणि काय केलं ते क्रमानं सांगितलं. त्यांनी दोन्ही बशा नाकाशी नेल्या. दुसरी बराच वेळ धरून ठेवली.

"हे तुले पहिल्या दिवशीच कळाले पायजे होतं."

"मला वास येत नाही, भाऊ. श्रावणापासून."

पत्र्याखाली चक्कीचा आवाज चालू होता.

"मंग लिहत काऊन गेली?"

योगिनीनं खरंच विचार केला. "रकाना होता," ती म्हणाली.

ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी उठून चक्की बंद केली. "किती लॉट?"

"सहा. चार गेले, दोन इथं आहेत."

"यादी कर. कुठं कुठं गेले, सगळं. चारही परत बोलावू. ते निस्तरल्यावर तुयं पाहू." मग म्हणाले, "तोवर सही करू नको."

तिनं यादी केली. मलकापूर, चिखली, मेहकर, जालना. अक्षर नेहमीसारखंच आलं. मग रजिस्टर उघडून त्या सहा पानांवरचा 'वैशिष्ट्यपूर्ण' तिनं एकेका रेघेनं खोडला, खालचा शब्द वाचता येईल असा, आणि बाजूला लिहिलं: 'तपासला नव्हता.' चवीपुढेही तसंच केलं. सहा पानं, बारा ठिकाणी.

पुढच्या आठवड्यात देऊळघाटच्याच एका शेतातून ताजं मूळ आलं. वासाच्या रकान्याला आता गोजरबाईंचा अंगठा होता. योगिनीनं पेन उघडून विचारलं, "काय लिहू?"

गोजरबाईंनी मूळ कटकन मोडलं, हुंगलं. "पावसात भिजून आलेल्या घोड्यावानी. खाली थोडी ओली माती. झोंबते जरासं."

योगिनीनं ते तसंच्या तसं लिहून घेतलं. तुकडा स्वतःच्या नाकाशीही नेला. नुसती थंड हवा आत गेली.

त्या लॉटची मूठभर पूड तिनं कागदाच्या पुडीतून घरी नेली. दुधात ढवळून पेला आईपुढे ठेवला आणि समोर बसून पाहू लागली. मंजुळाबाईंनी पेला तोंडाशी नेला, थबकल्या आणि त्यांचा डावा हात पदराकडे गेला.