जखमीचे नाव

जखमीचे पूर्ण नाव :

मंदारने हा रकाना तीनदा वाचला आणि तीनदा पेन खाली ठेवलं.

अपघाताचा असा अर्ज म्हणजे पाच मिनिटांचं काम. पण चेन्नईजवळच्या त्या कारखान्यात, हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसच्या टेबलाशी, कबड्डी संघाचा हा कप्तान पाऊण तास तसाच बसून होता.

मैदानावर पडला होता सुंदर. एन्नोरच्या कोळीवाड्यातला, कंत्राटावर माल चढवणारा. कारखान्यांच्या स्पर्धेत मात्र फक्त कायम नोकरीवालेच चालत. म्हणून अंतिम सामन्यात तो मंदारची जर्सी घालून, मंदारचंच ओळखपत्र दाखवून उतरला. दोघांची दाढी सारखी. पंचांनी नीट पाहिलंही नाही.

अपघाताचे कारण :

खेळ.

(खोडलेलं.)

दोन वर्षांपूर्वी कॅन्टीनमध्ये मराठी पोरं एका टेबलाला बसत, तमिळ दुसऱ्या. ती टेबलं सुंदरने जोडली. जेवणाच्या सुट्टीत तो ‘कबड्डी’ऐवजी तमिळ ‘सडुगुडु सडुगुडु’ करत रेघेपलीकडे घुसायचा. मग साताऱ्याची पोरं तमिळमध्ये ‘पिडी, पिडी!’ ओरडायची आणि मदुराईची मराठीत ‘धर, धर!’

शेवटच्या चढाईत पाचजण त्याच्यावर कोसळले. गुण मिळाला. कमरेखालचं अंग गेलं.

अपघाताची जागा :

“बोट लिही,” व्यवस्थापक श्रीहरी म्हणाले. “सुट्टीच्या दिवशी बोटीवरून पडला. कंत्राटदार तसं सांगायला तयार आहे. चषक राहील, नोकरी राहील. तुझं लग्न ठरलंय ना?”

दाराशी सुंदरची बायको महालक्ष्मी उभी होती. श्रीहरींनी तिलाही तमिळमध्ये तेच समजावलं. ती हळूच म्हणाली, “पाच वर्षांचे असल्यापासून बोटीवर आहेत ते, सर. कधी पडले नाहीत. वस्तीत हसतील हो त्यांना.”

मंदारला सगळं समजलं. एवढं तमिळ त्याला सुंदरनेच शिकवलं होतं.

श्रीहरी गेल्यावर टाइम ऑफिसातल्या अलमेलूअक्कांनी चष्मा काढला. तंजावरचं जुनं मराठी घराणं, निवृत्तीला दोन महिने.

“मंदार, मज एक सांग. बाद झालेला गडी बाहेर बसतो. त्यास परत आत कसा आणता?”

“गुण मिळवून. कोणीतरी चढाई करतो.”

“मग ह्यास का आणीत नाहीस रे?”

“माझी नोकरी जाईल, अक्का.”

“जाईल की! पकडले जाण्याचे भय नाही, ती कसली चढाई? मराठी-तमिळ सारे एक म्हणून टाळ्या पिटल्यात. चषकाचा फोटो काढलात. त्यात सुंदर कुठे आहे, दाखव मज!”

फोटो काढला तेव्हा सुंदर रुग्णवाहिकेत होता. आणि मंदार फोटोत हसत होता!

त्याने पेन उचललं. ‘सुंदर’ लिहिलं आणि थांबला. पूर्ण नाव? दोन वर्षं हात धरून साखळी केली, त्या माणसाच्या बापाचं नावही आपल्याला ठाऊक नाही!

“अम्मा, त्यांच्या वडिलांचं नाव?” त्याने दाराशी उभ्या महालक्ष्मीला तमिळमध्ये विचारलं.

“कृष्णस्वामी,” महालक्ष्मी म्हणाली.

जागा : कबड्डीचे मैदान. माझ्या नावावर, माझ्या सांगण्यावरून खेळला.

साक्षीदार :

संघातल्या दोघांनीच सह्या केल्या. एक साताऱ्याचा, एक मदुराईचा. बाकीचे मोबाइल पाहत राहिले.

शेरा :

चषक परत गेला. मंदार निलंबित आहे, लग्न लांबलं. अपघात कंपनीच्या दप्तरी आला, उपचारांचा खर्च कंपनीवर आला, म्हणून रुग्णालयाने सुंदरला घरी धाडलं नाही. तो चालेल असं कुठलाच डॉक्टर म्हणत नाही.

चषक गेल्याचं सांगायला मंदार त्याच्या खाटेशी गेला. सुंदरने एवढंच विचारलं.

“पण कागदावर मीच खेळलो ना?”

“तूच.”

“मग बस. उभा का?”

वाचकहो, खेळ माणसांना जवळ आणतो, हे आपण सभांमधून ऐकतो, आणि ते खोटं नाही. पण खेळाने हातात दिलेला हात शिट्टीनंतर धरून ठेवणं आपलं काम आहे. ज्याच्या जिवावर आपण जिंकतो, त्याचं पूर्ण नाव निदान आधी विचारून घ्या!