नेट्टा मावशीचं मृत्युपत्र

चार वर्षं कायदा शिकून विद्यापीठातून बाहेर पडलो तेव्हा आम्हाला कायदा येत होता, वकिली मात्र शून्य. समोर अशील येऊन बसलं तर आधी चहा विचारायचा की पत्ता, इथपासून बोंब. ही बोंब थांबवायला आमच्याकडे पदवीनंतर वर्षभराचा डिप्लोमा करावा लागतो. मग दोन वर्षं कुणातरी सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी करायची, त्याचे फोन उचलायचे, त्याच्या फायली वाहायच्या. ते संपलं की तुम्ही स्वतः सॉलिसिटर, आणि फायली वाहायला दुसरा कुणी.

स्ट्रुअन पेट्री माझ्याच वर्गात होता. डंडीत पर्थ रोडवर एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघं भाड्यानं राहायचो. आमच्यात तसलं काही नव्हतं. त्याचे मोजे जिनं एकदा वाळत घातलेत तिला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण माणूस सरळ. इतका सरळ की कंटाळा यावा. आम्ही बाकीचे डिप्लोमा उरकत होतो, आणि हा दीक्षा घेतल्यासारखा टाय बांधून वर्गात यायचा. खोट्या अशिलाला फोन करायचा सराव असायचा, तर तोही उभं राहून करायचा.

मृत्युपत्रं शिकवायला डॅलगार्नोबाई यायच्या. गावात त्यांचं स्वतःचं ऑफिस होतं. बारा महिने सर्दी, तोंडात खोकल्याची गोळी आणि जिभेला अजिबात लगाम नाही.

"अशिलानं सांगितलेलं अशिलाचं," त्या म्हणाल्या. "ते आईला सांगायचं नाही, बायकोला सांगायचं नाही, पबमध्ये तर नाहीच नाही. अशील तुमची स्वतःची आई असली तरी ती आधी अशील. कुणी बडबडल्याचं माझ्या कानावर आलं, तर मी त्याला नापास करीन आणि त्या दिवशी केक आणीन."

सगळे हसले. स्ट्रुअननं लिहून घेतलं.

मग बाईंनी काम दिलं. खरंखुरं, जिवंत माणूस शोधायचं, बसून त्याची इच्छा ऐकून घ्यायची आणि त्याच्या मृत्युपत्राचा मसुदा करून आणायचा. मी खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याला पकडलं. त्याच्याकडे एक गाडी आणि एक पोपट. पंधरा मिनिटांत विषय संपला. स्ट्रुअननं धरलं नेट्टा मावशीला.

नेट्टा मावशी म्हणजे त्याच्या आईची थोरली बहीण. दंतवैद्याच्या दवाखान्यात जन्मभर लोकांना "डॉक्टर येतीलच आता" असं खोटं सांगून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. ब्रॉटी फेरी गावात नदीकडे तोंड करून तिचा फ्लॅट होता, कार्नूस्टीला समुद्राजवळ एक कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर होतं, आणि त्या गोल्फच्या गावात सुट्टीला राहून गोल्फला शिव्या घालायचा छंद होता. मागे रक्ताचं कोण, तर धाकटी बहीण रोना, म्हणजे स्ट्रुअनची आई, आणि सगळ्यांत धाकटा भाऊ लॉकलन. दोघांचं त्या फ्लॅटवर आणि कॅरव्हॅनवर मनापासून प्रेम होतं. मावशीवरही होतं, पण जरा नंतर.

आता मावशीनं गुपचूप हो म्हणावं की नाही? तिनं रविवारी रोनाच्या घरी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर जाहीर केलं.

"स्ट्रुअन माझं मृत्युपत्र करतोय बरं का. अगं रोना, बटाटे दे इकडे."

बटाटे कुणी दिले नाहीत. लॉकलन मामाचा काटा हवेतच राहिला.

"खरं मृत्युपत्र की अभ्यासाचं?" त्यानं विचारलं.

"आवडलं तर सही करीन," मावशी म्हणाली, आणि उठून स्वतःच बटाटे घेतले.

ठरल्या शनिवारी स्ट्रुअन फाइल घेऊन तिच्याकडे गेला. मागोमाग आई हजर, हातात स्कोन्सचा, म्हणजे गोडसर छोट्या पावांचा डबा. "मी नुसती स्वयंपाकघरात बसते," ती म्हणाली. स्ट्रुअननं तिला दाराबाहेर काढलं. जन्मदात्या आईला! "आई, अशिलाशी एकांतात बोलावं लागतं," म्हणाला आणि दार लावलं. स्कोन्स मात्र ठेवून घेतले. रोना कितीतरी वेळ खाली गाडीत बसून वरच्या खिडकीकडे बघत राहिली. दुपारभर दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा पोराचे कान लाल झालेले होते.

"काय म्हणाली?"

"सांगता येणार नाही."

"मी तुझी आई आहे."

"म्हणूनच तर."

त्या दिवसापासून आमच्या फ्लॅटला वेढा पडला. आई रोज फोन करायची, आधी हवापाणी, मग खोकला, मग "तुझी मावशी बरी दिसली का रे बोलताना?" लॉकलन मामा अर्ब्रोथहून फॉर्फरला वळसा घालून गरम ब्रायडी घेऊन यायचा. ब्रायडी म्हणजे आमच्याकडची खिम्याची करंजी, एक खाल्ली तरी पोट गच्च. मामा आणायचा पाच-सहा. स्ट्रुअन एकीलाही हात लावायचा नाही. "लाच आहे ती," म्हणायचा. मी वकिलाच्या भूमिकेत नव्हते, त्यामुळे मी खायचे.

मामानं मग मोर्चा माझ्याकडे वळवला. "आयल्सा, तू शहाणी मुलगी आहेस. हा झोपेत बडबडतो का?"

"भिंत जाड आहे, मामा."

"कागद कुठे ठेवतो?"

"कपाटात. कुलूप आहे. किल्ली गळ्यात घालून आंघोळ करतो."

हे मी थट्टेत म्हणाले होते. नंतर कळलं की ते खरंच होतं.

तिकडे नेट्टा मावशीला सोन्याचे दिवस आले होते. रोना दर आठवड्याला जाऊन तिच्या खिडक्या पुसायची. मामानं सुट्टी काढून कॅरव्हॅनला हिरवा रंग दिला. मामी तिला केस सेट करायला घेऊन जायची. उभ्या जन्मात भाचवंडं-भावंडांनी केलं नव्हतं तेवढं तिचं कौतुक त्या हिवाळ्यात झालं. ती सगळ्यांना एकच सांगायची, "स्ट्रुअनला विचारा. त्याला सगळं माहीत आहे."

आणि स्ट्रुअन दिवसेंदिवस वाळत चालला. मसुदा द्यायची तारीख जवळ आली तरी याच्या टेबलावर कोरा कागद. मी विचारलं, "अडचण काय आहे? कलमं जमत नाहीत का? माझा न्हाव्याचा मसुदा बघ. नावं बदल, पोपट काढ."

"आयल्सा, तसं नाही गं."

"मग कसं?"

"सांगता येणार नाही."

त्याला बूट फेकून मारावासा वाटला. पण खरं सांगते, त्या वेळी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की हा पोरगा उद्या वकील होईल आणि आपण बहुतेक नुसत्याच पास होऊ.

शांत राहण्याचा व्हायचा तो परिणाम झाला. मामा-मामींनी निष्कर्ष काढला: गप्प आहे, म्हणजे सगळं यालाच मिळालंय. रोनाच्या मनातही ते आलंच असणार. तिनं दोन दिवस फोन केला नाही, आणि तिसऱ्या दिवशी केला तेव्हा आवाज भलताच गोड होता.

मावशीच्या वाढदिवसाला मॉनिफीथला रोनाच्या घरी जेवण होतं. मलाही बोलावणं आलं, साक्षीदार म्हणून की काय कोण जाणे. स्ट्रुअनचे वडील नेहमीप्रमाणे समुद्रात तेलविहिरीवर होते, नशीबवान माणूस. सूप शांततेत गेलं. मटण शांततेत गेलं. क्लूटी डम्पलिंग आलं, म्हणजे फडक्यात बांधून उकडलेला, मनुके घातलेला गोळा, तेव्हा मामानं चमचा आपटला.

"पुरे झालं! साप पोसलाय आपण. म्हातारीला एकटी गाठून सगळं स्वतःच्या नावावर करून घेतलं या टायवाल्यानं!"

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे?" मावशीनं विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस, तुला फसवलंय!"

स्ट्रुअन उभा राहिला. लाल झाला होता. "मामा, मी... मी यावर हो पण म्हणू शकत नाही आणि नाही पण."

"हे बघा! हे शिकवतात यांना!"

स्ट्रुअन मावशीकडे वळला. "मावशी, मोकळं कर ना मला. एक वाक्य बोलू दे. फक्त एक."

"नाही," मावशी म्हणाली. "कस्टर्ड कुठाय?"

आता त्याचे डोळे भरले. आणि इथे कुणालाच अपेक्षित नव्हतं ते झालं. रोना, जिनं तीन महिने त्याला फोनवर पिळून काढलं होतं, ती कस्टर्डचं भांडं घेऊन भावासमोर उभी राहिली.

"लॉकलन, माझ्या पोरानं नाही सांगितलं म्हणजे नाही सांगितलं. तो चोर नाही. त्याला पुन्हा साप म्हणालास तर हे तुझ्या डोक्यावर ओतीन. गरम आहे."

मामा बसला. मावशीनं बहिणीकडे बघितलं. मग चमचा खाली ठेवला.

"अरे, मी काहीच सांगितलं नाही त्याला," ती म्हणाली. "त्यानं विचारलं, पूर्ण नाव काय? ते दिलं. मग विचारलं, तुमच्या मालकीचं काय काय आहे? फ्लॅट म्हटलं की मला आई आठवली, आई म्हटल्यावर तुम्ही दोघं आठवलात, आणि मग दुपारभर मी आपल्या घरच्याच गोष्टी सांगितल्या. हा बिचारा लिहीत होता. शेवटी म्हणाला, मावशी, पण कुणाला काय द्यायचं? मी म्हटलं, बघू. चहा घे."

"काहीच नाही?" मामाचा आवाज चिरकला. "म्हणजे मी ती कॅरव्हॅन..."

"छान रंगवलीस हो."

"मग हा बोलला का नाही? काही नाही एवढं तरी सांगायचं!"

"ते तरी मी कसं सांगणार?" स्ट्रुअन म्हणाला. "काही सांगितलं नाही, हेसुद्धा तिचंच."

मी तर हसून हसून टेबलाखाली गेले. मामी पण हसली, मग मामाकडे बघून थांबली.

"कसल्या गोष्टी?" मामानं संशयानं विचारलं.

"तू पाद्रीबाबांची सायकल चोरून त्यांनाच परत विकली होतीस, ती," मावशी म्हणाली. "आणि बाकीच्याही."

संध्याकाळी रोना आम्हाला गाडीनं सोडायला आली. मी मागे बसले होते. मग तिनं रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "ॲबर्डीनचं पण सांगितलं का रे तिनं?"

स्ट्रुअन खिडकीबाहेर बघत राहिला. "सांगता येणार नाही, आई."

"म्हणजे सांगितलं."

गाडी थोडी हळू झाली. मला वाटलं, ही आता रडणार. पण तिनं एक हात काढून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाली, "बरं. तुझ्याकडे आहे म्हणजे ठीक आहे." ॲबर्डीनमध्ये काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. मी दोनदा विचारलं, एकदा तर दारू पाजून.

डॅलगार्नोबाईंकडे त्यानं एकच पान दिलं: अशिलानं सूचना दिल्या नाहीत. बाईंनी त्याला वर्गानंतर थांबवलं. मीही दाराशी घुटमळले.

"हे काय आहे?"

"खरं आहे ते, बाई."

"खरं असेल. माझी निम्मी अशिलं अशीच असतात. पण गुण मी मसुद्याला देते, आणि मसुदा नाही. नापास." त्यांनी गोळी या गालातून त्या गालात सरकवली. "जूनमध्ये पुन्हा दे. आणि पेट्री, या वेळी जरा बोलकं माणूस शोध."

"ती फार बोलकी होती, बाई."

केक काही त्यांनी आणला नाही.

जूनसाठी त्याला माणूस मिळेना. वर्गातल्या पोरांनी सगळे न्हावी आणि काका संपवले होते. तेव्हा एका दुपारी लॉकलन मामा आमच्या दारात उभा. हातात काही नव्हतं. मला बघून कसंनुसं हसला आणि म्हणाला, "आहे का तो? मला माझं करायचंय. या घराण्यात तोंड बंद ठेवणारा तेवढा एकच निघाला."

मामीही बरोबर आली होती. स्ट्रुअननं टाय नीट केला, तिला अदबीनं माझ्याकडे स्वयंपाकघरात बसवलं आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

मामीनं चहा हातात घेतला, बंद दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती वेळ लागतो गं याला?"

"काय सांगणार," मी म्हणाले. "माझ्या न्हाव्याला पंधरा मिनिटं लागली."

मामाला दुपार लागली. मसुदा पास झाला, काठावर. एका कलमावरून बाईंनी त्याला झोडपलं होतं, पण ते कलम कुठलं, हे स्ट्रुअननं मला दाखवलं नाही.