पिशवी भरल्याचा निरोप

गोळी सुरू करून तेरा दिवस झाले आणि मला लागलेली लघवी गुलशनबी मुजावरांना कळली.

मी बायकोबरोबर मिरजेतल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये बसलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. इथली पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. जगमधलं पाणी पीत बसायचं, लघवी दाटून आली की काउंटरवर सांगायचं, मग आत घेतात. शेजारच्या बाकावरच्या गुलशनबींची तपासणी उरकली होती, त्या रिपोर्टसाठी थांबल्या होत्या. एकाएकी त्या पोट धरून उठल्या, बाथरूमला गेल्या आणि लगेच परत आल्या.

"आत थेंब न्हाई," त्या म्हणाल्या. "ही माझी न्हाईच." मग एकेकाकडे बघत त्या माझ्यापाशी थांबल्या. "तुमची हाय बगा."

मी हादरलो. तळहातांना घाम फुटला. पाच ग्लास पाणी माझ्या पोटात होतं आणि मला काहीही जाणवत नव्हतं.

गोळी देताना डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायू आवळून बसतात, कारण नसांमधून तसा निरोप सारखा येत राहतो. तो निरोप जिथे उतरतो ती जागाच गोळी अडवून धरते, म्हणून धार सुटते. पिशवी भरल्याचा निरोप वर मेंदूकडे जातो, तोही जरा शांत होईल, असं ते म्हणाले होते. अडवलेला निरोप मग जातो कुठे, हे मी विचारलं नाही. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लाइनमन असलेल्या माणसाने हे विचारू नये म्हणजे कमाल झाली. याला आम्ही क्रॉस कनेक्शन म्हणायचो.

मी बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो. काही झालं नाही. परत येऊन काउंटरवरच्या मॅडमना सगळं सांगितलं.

"तुम्हाला लागलीय का, उगारे काका?"

"मला नाही. मुजावरबाईंना लागलीय. पण आहे माझी."

"ज्याची त्यानं सांगायची असते. नसेल लागली तर अजून दोन ग्लास प्या."

मी प्यालो. पोट फुगल्याचं मला कळलं नाही, समोरची भिंतच एक फरशी पुढे आली. बाकावरच्या लोकांनी पाय आत घेतले.

पुढचा निरोप बाकाच्या टोकाला बसलेल्या कोळेकर सरांना आला. ते नुसता खांद्याचा एक्स-रे काढायला आले होते. त्यांनी गुडघे जुळवले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांच्या वर्गातला वांड पोरगा. "उगारे, जरा विचार करा लोकांचा," ते म्हणाले. भिंत आणखी एक फरशी सरकली. माझ्या शर्टाचं खालचं बटण तुटून उडालं. मॅडमनी ते उचलून टेबलावर ठेवलं आणि जग भरून आणला.

माझी बायको सुमती माझ्या पोटाकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"अहो, ही पिशवी फुटेल," ती म्हणाली. "आत डॉक्टर आहेत, नळी घालून मोकळं करतील. नुसतं लागली म्हणा. खोटं बोला एकदा."

मला ते जमेना. डायल टोन कानाने ऐकल्याशिवाय लाइन चालू असं मी आयुष्यात कधी वहीत लिहिलं नाही. साहेब ओरडले, पाऊस असला, खांबावर लोंबकळत असलो, तरी नाही. त्याचा मला माज होता, आणि आजही होता.

"थोडं थांब," मी म्हणालो. "येईल."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

मी शोधून पाहिली. मघाशी होती, हाताला घाम फुटला होता तेव्हा. आता तळहात कोरडे होते.

"नाही," मी म्हणालो.

"मग माझी छाती का धडधडतेय एवढी?" ती म्हणाली आणि रडायला लागली. ती माझ्या वाट्याचं रडत होती हे मला दिसत होतं. मला तिची दया यायला हवी होती. ती कोळेकर सरांना आली. त्यांनी रुमाल काढून तिला दिला.

तेव्हा मात्र मी हट्ट सोडला. माझ्या पोटाला आता समोरची भिंत टेकली होती. मी काउंटरकडे मान वळवली आणि मोठ्याने म्हणालो, "लागली."

आवाज गुलशनबींच्या तोंडून आला.

"या, आत या," मॅडम त्यांना म्हणाल्या. गुलशनबी नको नको म्हणत होत्या, तरी त्यांना आत नेलं आणि दार लावलं.

सुमतीने एकदम पोट धरलं. कोळेकर सरांनीही धरलं. बाकावरचे सगळे एकाच वेळी पुढे वाकले, आणि दारामागून गुलशनबींचं कण्हणं ऐकू आलं. मी त्यांच्यात ताठ बसून होतो. असं बराच वेळ चाललं. मग सुमती हळूहळू सरळ झाली. भिंत अजून माझ्या पोटाला टेकलेलीच होती.

"थांबलं," ती म्हणाली. "काहीच नाही आता."

एकेकाने पोटावरचे हात काढले. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. मॅडमनी ग्लास भरून माझ्या हातात दिला. मी तो ओठांना लावला, तिरका केला, आणि पाणी आत गेलं की नाही हे कोणीतरी सांगेल म्हणून त्यांच्या तोंडांकडे बघत राहिलो.