लाल की काळी

डॉक्टरांनी उजवा पाय उचलला, लाल मोटारसायकलच्या शेपटीवरून पलीकडे टाकला आणि तो पलीकडच्या जमिनीवर पोचण्याऐवजी हवेतच थांबला. डावा पाय जमिनीवर होता. म्हणजे अंगठा होता. उरलेले डॉक्टर टाकी, हँडल आणि सेल्समनचा खांदा यांच्यात वाटले गेले होते.

"बसा सर, निवांत बसा," सेल्समन म्हणाला. पन्नाशीकडे झुकलेला, टाय लावलेला माणूस. गाडीचं पुढचं चाक त्याने दोन गुडघ्यांत आवळून धरलं होतं. "मी धरलंय."

"निवांतच आहे," डॉक्टर म्हणाले. आवाज मात्र जरा वरच्या पट्टीत लागला.

समोरच्या सोफ्यावर त्यांची बायको माहितीपत्रक चाळत बसली होती. चाळत होती म्हणजे बराच वेळ तिच्यापुढे एकच पान होतं.

डॉक्टर दातांचे. उंची बेताची, आणि 'बेताची' हा शब्दही घरच्यांनी प्रेमाने वापरलेला. दवाखान्यात त्यांचं एक गोल स्टूल होतं. त्याची दांडी दाबली की ते खाली यायचं, पाय फरशीला टेकायचे आणि मग डॉक्टर जगाकडे बरोबरीने बघू शकायचे. मोटारसायकली बनवणाऱ्या इतक्या मोठमोठ्या कंपन्या, इतके इंजिनीयर, पण ही साधी दांडी बसवण्याचं एकालाही सुचू नये याचं त्यांना वैषम्य वाटे. बायको त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. ती कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला; तिथे शिडी न घेता वरच्या फळीवरचं पुस्तक काढायची आणि घरात बल्ब बदलणं हे तिचं खातं होतं. लग्नाच्या फोटोत डॉक्टर पायरीवर उभे आहेत. पायरी फोटोत दिसत नाही. फोटोग्राफरला तसं बाजूला घेऊन सांगावं लागलं होतं.

स्पोर्ट बाइकचा ध्यास मात्र उंची बघून लागत नाही. तो त्यांना कॉलेजात लागला. हनुवटी टाकीवर, कोपरं आत, पाठीची कमान, आणि वळणावर गुडघा रस्त्याशी जवळजवळ कानगोष्ट करतोय. पुढे त्यांनी जवळजवळ तशाच पोजमध्ये तीस वर्षं काढली. फक्त समोर रस्त्याऐवजी माणसाचा जबडा. "आयुष्यभर वाकलो," ते म्हणायचे, "पण जागच्या जागी."

गेले काही शनिवार ते शोरूम पालथी घालत होते आणि सोमवारी त्याचा वृत्तान्त पेशंटना ऐकवत होते. तोंडात कापसाचे बोळे असलेला श्रोता असा छान असतो, मध्ये बोलत नाही. निळी गाडी पहिल्याच आठवड्यात बाद झाली. "रंग बरा, पण चेहरा कसा, ताप आलेल्या मुलासारखा." खरी चुरस उरली ती लाल आणि काळीत. लालचं रूप देखणं. दोन बारीक दिवे, कुणीतरी डोळे किलकिले करून दूरवर बघतंय असे. काळी तशी ओबडधोबड, खांदे पाडून बसलेली. पण काळीची सीट! गेल्या शनिवारी मॅनेजरच्या केबिनमधून बाहेर येऊन ते काळीवर चढले, म्हणजे चढवले गेले, आणि बघतात तर सीट चक्क उबदार.

"काय फोम असेल!" ते दर पेशंटला सांगायचे. "थंडगार एसीत उभी गाडी, पण सीट अशी उबदार, जशी काही आपलीच वाट बघत होती. मोठं करा तोंड. याला म्हणतात फील."

पेशंट डोळ्यांनी होकार देत.

पण फील कितीही उबदार असला तरी पाय टेकत नव्हते. काळीवर टेकले नाहीत, निळीवर तर नाहीतच. शिवाय दोन्ही गुडघे अलीकडे जिन्याशी कुरबूर करायला लागले होते. म्हणून आज सकाळी चहा पिताना डॉक्टरांनी स्वतःच जाहीर करून टाकलं, "आज लाल बघायची. नाही जमली तर नवी स्कूटर घ्यायची आणि हा विषय बंद. पुन्हा काढायचा नाही. मीसुद्धा."

"बघू," बायको म्हणाली होती. बराच वेळ रिकाम्या कपात चमचा फिरवत होती.

"सर, आता डावीकडे थोडं सरका," सेल्समन सांगत होता. "म्हणजे एक पाय तरी पूर्ण टेकेल. आमचे पुष्कळ ग्राहक एका पायावर चालवतात."

डॉक्टर सरकले. डावी टाच फरशीच्या अगदी जवळ आली. आणखी थोडं सरकले. टेकली. उजवा पाय पलीकडे आता काहीच्या काही उंच गेला होता, पण तिकडे कोण बघतंय? त्यांनी हँडल धरलं, पाठ वाकवली, हनुवटी टाकीकडे नेली. काचेच्या भिंतीत त्यांना लाल रंगाची एक लांब रेघ दिसली आणि तिच्यावर स्वतःचा टकलाचा गोल. क्षणभर तो गोल हेल्मेटसारखाच दिसला. बाहेर रस्ता होता, दुपारचा, जवळजवळ मोकळा.

"सोडा आता," ते हळूच म्हणाले.

"सर?"

"चाक सोडा. एकदा माझी मला धरू द्या."

सेल्समनने आधी डॉक्टरांकडे, मग बाईंकडे बघितलं आणि गुडघे सैल केले.

गाडी उभी राहिली. खरंच राहिली. डॉक्टरांनी श्वास रोखला होता. तो सोडल्याबरोबर गाडी डावीकडे झुकायला लागली, हळू, अगदी सभ्यपणे, एखादा वयस्कर पाहुणा सोफ्यावर कलंडतो तशी. त्यांनी डावा पाय दाबला, पाय घसरला, टाच सुटली. सेल्समन हँडलकडे झेपावला. पण त्याच्या आधी सीटपाशी एक कंबर येऊन टेकली, शेपटीवर एक हात पडला आणि फरशीवर एक पाय रोवला गेला. गाडी जिथल्या तिथे थांबली.

बायको होती. माहितीपत्रक तिच्या दुसऱ्या हातात तसंच होतं, त्यात बोट घातलेलं.

"अरे बापरे," सेल्समन म्हणाला. त्याने स्टँड लावला, टाय सरळ केला. "मॅडम, तुम्हाला बरं सुचलं हो. आमची माणसंसुद्धा एवढ्या चटकन पाय लावत नाहीत."

"सवय आहे," ती म्हणाली.

आणि मग, नको ते बोलून गेल्यासारखी, माहितीपत्रकाचा मुडपलेला कोपरा सरळ करू लागली.

"कसली सवय?" वरून डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. उतरा आता सावकाश."

उतरायला वेळ लागतो. उजवा पाय शेपटीवरून परत आणेपर्यंत डॉक्टर खाली बघत होते, आणि खाली तिची डावी चप्पल होती. चप्पल पुढून झिजलेली, अंगठ्याखाली चांभाराने लावलेला रबराचा तुकडा, रंग न जुळणारा. नवीन काही नव्हतं. तिची डावी चप्पल कायमच उजवीच्या आधी जायची. वर्षानुवर्षं जायची. ती डावा पाय घासत चालते, असं डॉक्टरांचं निदान होतं. हाडांच्या डॉक्टर मित्राला दाखवू या, असं त्यांनी सुचवलंही होतं. तिने "बघू" म्हटलं होतं.

"मग सर, काय ठरवायचं?" सेल्समनने विचारलं. त्याच्या आवाजात फारशी आशा नव्हती, पण सौजन्य होतं.

डॉक्टर चपलेकडेच बघत होते.

"कळवतो," ते म्हणाले.

बाहेर त्यांची स्कूटर सावलीत उभी होती. तिला तक्रार अशी नव्हती, एकच होती. सिग्नल सुटून गाडी निघाली की मागच्या अंगाला 'टक्' असा आवाज यायचा. मेकॅनिकने ती कितीदा उलटीपालटी करून पाहिली, फेऱ्या मारून पाहिल्या. त्याच्याकडे ती कधी वाजलीच नाही. "तुमच्याच कानात असेल, डॉक्टर," असंही तो एकदा म्हणाला होता.

डॉक्टर बसले, बायको मागे बसली, नेहमीसारखी दोन्हीकडे पाय टाकून. ती गप्प होती ती डॉक्टरांचं मन राखायला, असं डॉक्टरांना नेहमी वाटायचं. आज त्यांना तेवढी खात्री वाटेना.

"नवी स्कूटर कुठल्या रंगाची घ्यायची?" तिने शेवटी विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

चौकात सिग्नल लाल झाला. त्यांनी ब्रेक दाबला, दोन्ही पाय खाली सोडले. दोन अंगठे रस्त्याला लागले, रोजच्यासारखे. गाडी शांत उभी. कशी शांत उभी राहते! एकटे असले की सिग्नलला हीच गाडी डुगडुगायची आणि ते टायरांना दोष द्यायचे.

डॉक्टरांनी उजवा पाय उचलून आत फळीवर ठेवला. गाडी हलली नाही.

मग त्यांनी डावाही उचलला.

भर चौकात, दोन्ही पाय जवळ घेऊन, दवाखान्यातल्या वेटिंग रूममध्ये बसावं तसे डॉक्टर बसले. शेजारच्या रिक्षावाल्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा खाली बघितलं. गाडी खांबाला बांधल्यासारखी उभी होती.

"अहो," मागून आवाज आला. "पाय."

"काय पायाचं?"

"खाली टेका ना."

"तुझा आहे की."

आरशात तिचा फक्त खांदा दिसत होता. तो जरासा खाली आला.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्यापासूनच. लग्नानंतर आपण पहिल्यांदा सिनेमाला गेलो ना, तेव्हापासून. चौकात गाडी कलली, मी पाय लावला. तुम्ही गाणं म्हणत होतात. छान म्हणत होतात. म्हटलं, मध्येच कशाला सांगा." ती थांबली. "नंतर राहूनच गेलं."

डॉक्टरांनी सिग्नलकडे बघितलं. तो अजून लालच होता. एकाएकी त्यांना त्या पहिल्या चौकातलं गाणं आठवेना. आठवायला हवं होतं असं फार वाटलं.

"काळीच बरी होती," काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलले. "पाय काय, कुठेच टेकत नाहीत. पण सीट उबदार होती."

मागून उत्तर आलं, पण अगदी बारीक.

"ती ऊब गाडीची नव्हती हो."

"म्हणजे?"

"तुम्ही मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला होतात. बाहेर कोणी नव्हतं. मी जरा बसले होते."

"जरा?"

"तुम्ही बाहेर येईपर्यंत."

केबिनमध्ये डॉक्टर चांगला अर्धा तास होते. मॅनेजरने अक्कलदाढ दाखवली होती.

रिक्षावाला आता उघडउघड ऐकत होता. डॉक्टरांनी दोन्ही हात ब्रेकवर ठेवले होते, ते उगीचच आणखी घट्ट झाले.

"पाय टेकले?"

"टेकले."

"दोन्ही?"

"पूर्ण. टाचांसकट," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला हसू आलं की काय, पाठीला कळलं, पण नक्की कळलं नाही. मग बांध फुटल्यासारखी ती भराभरा बोलायला लागली. "पण काळीचं हँडल फार खाली आहे. थोड्या वेळाने मनगटं भरून येतात. आणि टाकी एवढी रुंद, गुडघे फाकून बसावं लागतं. क्लच मात्र लोण्यासारखा; दोन बोटांनी दाबला जातो. माझ्या दादाच्या गाडीचा असा हाताला बसायचा नाही."

"दादाची गाडी तू चालवायचीस?"

"पहाटे. तो उठायच्या आत."

इतक्या वर्षांत ही गोष्ट डॉक्टरांनी पहिल्यांदा ऐकली. तिने कधी सांगितली नव्हती, हे खरं. आपण कधी विचारली होती का, हे त्यांनी आठवून पाहिलं आणि लगेच आठवणं थांबवलं.

"आणि लाल?" ते म्हणाले. "लालचं काय?"

"लाल दिसायला चांगली आहे."

"ते मलाही दिसतंय. फील कसा?"

"आता बसल्याशिवाय कसं सांगू, अहो," ती म्हणाली. आवाज साधाच होता, ग्रंथालयात एखादं पुस्तक बाहेर गेलंय असं सांगतात तसा. पण डॉक्टरांच्या खांद्यावरचा तिचा हात घट्ट झाला होता, आणि दोन बोटं, नकळत, आत मिटली होती.

सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली. रिक्षावाला निघाला नाही. त्याला पुढचं ऐकायचं होतं.

डॉक्टरांनी उजवीकडचा इंडिकेटर लावला. मागच्या फूटरेस्टवर 'टक्' वाजलं, आणि गाडी आल्या रस्त्याने परत फिरली.