पलीकडचं बोलणं

"इंजिन चालूच राहू द्या," मागच्या सीटवरून मोठे साहेब म्हणाले, "आणि आरसा जरा सरळ करा. तुम्ही दिसला नाहीत की गाडी उभी असल्यासारखं वाटतं."

गाडी उभीच होती. महामारी आल्यापासून ती साहेबांच्या बंगल्याच्या पोर्चमधून तसूभरही हलली नव्हती. तरी ड्रायव्हरने मुकाट्याने आरसा सरळ केला. आरशात साहेबांचे डोळे आणि त्यांखाली निळा मास्क दिसला. वर इस्त्रीचा शर्ट, टाय. खाली घरातली चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी आणि पायात सपाता. मांडीवर लॅपटॉप. बॅगांच्या एवढ्या मोठ्या कारखान्याचा कारभार सध्या या मांडीवरून चालत होता.

घरात साहेबांना बसायला जागा नव्हती, असं नाही. पण एका खोलीत नातवाची शाळा भरे, दुसरीत सूनबाईंचं ऑफिस, आणि स्वयंपाकघरातला मिक्सर नेमका मीटिंगच्या वेळी सुरू होई. शिवाय साहेबांना सगळे निर्णय आजवर मागच्या सीटवरच सुचले होते. म्हणून त्यांनी ड्रायव्हरला संचारबंदीतला पास काढून दिला, आणि तो रोज सायकल मारत यायचा आणि जागच्या जागी गाडी चालवायचा. त्याची बायको म्हणायची, "पेट्रोल वाचतंय की नाही ते माहीत नाही, टायर मात्र नक्की वाचतायत."

त्याची बायको त्याला कानसेन म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे. त्याला दुसऱ्यांच्या बोलण्याची भारी हौस. नजर रस्त्यावर, दोन्ही कान मागे. अठरा वर्षं तो साहेबांचं फोनवरचं बोलणं ऐकत आला होता, पण फोन म्हटला की ऐकू येणार एकाच बाजूचं. पलीकडचा माणूस काय म्हणाला, हे कळायला मार्ग नसे, आणि त्यामुळे त्याच्या जिवाची तगमग होई. मग तो ते अर्धं बोलणं जसंच्या तसं घरी घेऊन जाई आणि जेवताना बायको आणि मुलगी मिळून पलीकडची बाजू जुळवत. तिघांचा हा खेळच झाला होता.

एकदा त्याने घरी सांगितलं होतं, साहेब रोज ऑफिसातून निघाले की फोनवर हळू आवाजात बोलतात, "हो. हो. घेतलं. नाही, मी येतो, तू झोप."

मुलगी तेव्हा कॉलेजात जायला लागली होती, तिला लगेच काहीतरी काळंबेरं दिसलं. बायको शांतपणे म्हणाली, "आई असणार. बायकोला कोणी इतकं हळू सांगत नाही."

महामारीने त्याला एक गोष्ट मात्र दिली. लॅपटॉपवर दोन्ही बाजू ऐकू यायला लागल्या. पहिल्याच आठवड्यात पडद्यातून एक थकलेला, चिरका आवाज आला, "अरे, जेवलास का? मला दिसत का नाहीस तू?" आणि साहेब तोच हळू आवाज काढून म्हणाले, "हो. मी येतो, तू झोप." गावाकडे गेलेली आणि तिथेच एकटी अडकलेली त्यांची आई होती ती. बायकोचा तर्क खरा ठरल्याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं, की त्या दिवशी सायकल कधी घराशी आली ते कळलं नाही.

मोठ्या माणसांचं जग असं आतून बघताना त्याला गंमत वाटत होती. प्रवासच बंद, तर बॅगा कोण घेणार? गोदामात बॅगांचे मनोरे उभे होते. साहेबांनी दाढी करणं सोडलं होतं. मग एक दिवस त्यांना मागच्या सीटवर सुचलं, की आपल्याकडे शिलाई मशिनं आहेत, चेन बसवणारे हात आहेत, पाणी न झिरपणारं कापड मिळू शकतं; डॉक्टरांचे अंगभर घालायचे कपडे का शिवू नयेत? पडद्यावरचे सगळे चौकोन एकदम बोलायला लागले. ड्रायव्हर जिवाचा कान करून ऐकत होता. महिन्याभरात बॅगांचा कारखाना कपड्यांचा झालासुद्धा. आपल्या डोळ्यांदेखत, म्हणजे आपल्या पाठीमागे, हे घडलं, याचा त्याला अभिमान होता.

पण सगळंच काही शिवून वाचणार नव्हतं. त्या सकाळच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तो खर्चाचा. शहरातलं ऑफिस सोडायचं, साहेब लोकांनी कायम घरूनच काम करायचं. पाठोपाठ गाड्या विकायचं ठरलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये पत्ते कुटणारी, एकमेकांच्या डब्यात हात घालणारी सगळी टोळी ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर आली.

"मग ड्रायव्हर मंडळींना या महिन्यापर्यंतच ठेवू," हिशेबाचे साहेब म्हणाले. "एकूण किती आहेत?"

मोठ्या साहेबांनी बोटांवर मोजलं. "आठ."

नऊ होते.

ड्रायव्हरने मनात पुन्हा मोजलं. नवव्यापाशी त्याला कळलं, की राहिलेला माणूस आपणच. गप्प बसला असता तर कदाचित निभावलं असतं. मुलीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. हे सगळं त्याला ठाऊक होतं. पण त्याला राग आला, भयंकर राग. अठरा वर्षं ज्याचं डोकं समोर दिसतं, तो माणूस मोजायलाही सुचू नये? गाडीत त्याने आजवर कधी आपणहून ब्र काढला नव्हता.

"नऊ, साहेब," तो म्हणाला. "मला धरून नऊ."

हिशेबाच्या साहेबांनी विचारलं, "कोण आहे तिथे?"

"कोणी नाही," मोठे साहेब सवयीने बोलून गेले. मग त्यांनी वर आरशात पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. "म्हणजे, आमचे ड्रायव्हर आहेत. बरोबर आहे त्यांचं. नऊ."

मीटिंग संपली. साहेबांनी लॅपटॉप मिटला, पण ते उतरले नाहीत. आईशी बोलायचे त्या हळू आवाजात ते म्हणाले, "तुम्ही राहिला होतात हो."

एवढं बोलून ते सपाता फटफटवत आत गेले.

रात्री जेवताना त्याने सगळं सांगितलं. नोकरी गेल्याचं ऐकून बायकोचा हात ताटातच थांबला. मुलगी म्हणाली, "बाबा, कशाला बोललात? कोणी विचारलं होतं?"

"कोणी विचारलं नव्हतं, म्हणूनच बोललो," तो म्हणाला. आणि मग त्याने साहेबांचं ते शेवटचं वाक्य त्यांच्यासमोर ठेवलं. या वेळी बोलणं दोन्ही बाजूंचं होतं, तरी अर्धंच राहिलं होतं.

"राहिला होतात म्हणजे विसरले होते," मुलगी म्हणाली. "मोजताना राहून गेलात. सरळ आहे."

बायकोने त्याच्या ताटात भात वाढला. मग तिने विचारलं, "आवाज कसा होता?"

"आईशी बोलताना असतो तसा."

"मग ठेवलं होतं त्यांनी तुम्हाला," ती म्हणाली. "आठ जाणार, तुम्ही राहणार. म्हणून म्हणाले, राहिला होतात." तिचे डोळे भरले होते, तरी ती जराशी हसली. "तुम्हीच उडी मारलीत. जेवा आता."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याने गाडी आतूनबाहेरून पुसली. किल्ली घ्यायला साहेब स्वतः खाली आले. दाढी केली होती, आणि पूर्ण पँटही घातली होती. कारखान्यात काही निघालं तर आधी तुम्हाला कळवीन, असं ते म्हणाले आणि किल्ली हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"काही विचारायचंय का?" त्यांनी विचारलं.

त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा पलीकडचा माणूस समोर उभा होता आणि उत्तर द्यायला तयार होता. त्याने साहेबांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं, आरशाशिवाय.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "घरी कळलंय सगळं."

मग त्याने भिंतीला टेकवलेली सायकल काढली आणि फाटकाबाहेर गेल्यावरच तिच्यावर टांग टाकली.