भूगर्भबाबांची कुमारी वेल

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सामुदायिक भवनात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. आठवडाभर प्रत्येक फाईलवर ‘पुरावा जोडावा’ असा शेरा मारणारे अधिकारी सहकुटुंब मांडी घालून बसले होते. समोर भूगर्भबाबा काचेच्या बंद पेटीतली कुंडी दाखवत होते. पुरावा कुणी मागत नव्हतं. सुट्टीचा दिवस होता ना.

“ना फूल, ना भँवरा, ना नर,” बाबा म्हणाले, “फिर भी धरती माँ की कोख भरी है.”

त्यांनी पेटी उघडून रोप उपटलं. मातीतल्या पांढऱ्या दोऱ्यांना बोंडं लटकली होती आणि बोंडांत बिया होत्या. शेजारी एकवीस कुंड्यांत त्याच बियांची रोपं, सगळी एका छापाची, कारण म्हणे सगळ्यांत एकाच देवीचा अंश. बी दुधातून घ्यायची, दवाखाना बंद करायचा, वर्षभरात पाळणा हललाच म्हणून समजा.

शालिनीबाई शेवटच्या रांगेत होत्या. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाई इथे आल्या त्या केवळ शेजारी बसलेल्या सुनेपायी. क्षिप्राच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, उपचार आता कुठे लागू पडत होते, सोमवारी डॉक्टरांनी बोलावलं होतं. आणि आज सकाळी तिनं गोळ्या कचऱ्यात टाकल्या होत्या. बाईंना धास्ती वाटत होती. रोप पाहिलं आणि धास्तीच्या जागी संताप आला.

त्या उठून भवनामागे गेल्या. कूलरचं पाणी ठिबकत होतं तिथला एक झुबका मुळासकट उपटून परतल्या.

“महाराज, हमारे यहाँ नाली के पास भी देवी निकली हैं,” त्यांनी सांगितलं.

तेच पांढरे दोरे, तीच बोंडं. हा केना. समोरच्या निम्म्या मराठी मंडळींनी लहानपणी याची भजी खाल्ली होती. दिल्लीत येऊन नाव विसरले आणि देवी सापडली. बाईंच्या झुबक्यावर मात्र निळी फुलं होती. बाबांच्या रोपावर तिथे कात्रीनं छाटलेले देठ होते.

बाईंनी जमिनीखालची एक कळी सेफ्टी पिनेनं चिरून सुनेला दाखवली. “हे न उमलणारं फूल. पराग आत, बीजांडंही आत. नर घरातच आहे, फक्त दार लावलेलं आहे.”

“पण आई, ती रोपं इतकी सारखी कशी?”

“पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचेच पराग वापरले की तसंच होतं. उद्या एक रोग आला तर एकवीसच्या एकवीस आडवी होतील. म्हणून तर हे झाड वर निळं फूल उघडतं, माशीला बोलावतं, दुसऱ्या रोपाचे पराग घेतं, म्हणजे निदान काही पोरं वेगळी निघतात आणि तगतात. तणसुद्धा एकाच उपायावर विसंबून राहत नाही, क्षिप्रा. आणि तू चांगला उपाय सोडून बसलीस.”

शंकेनं देवी कोपते, असं बाबा बजावू लागले. तेवढ्यात अवर सचिव अविनाशराव उभे राहिले. सवयच ती. “बाबाजी, यह सब लिखकर देंगे?”

बाबांना एकाएकी फरीदाबादचा कार्यक्रम आठवला. एकवीस देव्या तिथेच सोडून ते गाडीत बसले.

घरी जाताना क्षिप्रानं विचारलं, “आई, गोळ्यांचं पाकीट तुम्ही कचऱ्यातून काढलंत?”

“सकाळीच.”

“उद्या किती वाजता निघायचं?”

“नऊला,” बाई म्हणाल्या. “आणि डॉक्टरांनाही हवं ते विचार. विचारल्यानं जे कोपतं, त्याच्या नादी लागू नये.”